दोन खोल्यांची भूल

डॉ. पद्मजा कर्णिक यांचा आवाज चढला की घाटकोपरच्या त्या एंडोस्कोपी सेंटरमधल्या सिस्टर कामाला लागल्यासारखं दाखवत इकडेतिकडे पांगायच्या. त्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा चढला एका बाटलीवरून. ट्रेमध्ये प्रोपोफॉल ह्या भुलीच्या औषधाची अर्धी वापरलेली बाटली होती, रबराच्या बुचात सुई तशीच खुपसलेली.

"ही कधीची?"

"कालची असेल मॅडम," अनुपमा सिस्टर म्हणाली. "निम्मी शिल्लक होती, म्हणून सरांनी ठेवायला सांगितली."

पद्मजाने ती उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात आपटली. "अगं, दुधासारखं दिसतं ना हे? दुधासारखंच नासतं. ह्याच्यात तेल असतं, अंड्यातला अंश असतो. बाटली फोडली की जंतूंची चंगळ. फोडायची, वापरायची, उरलं तर फेकायचं. कितीदा सांगू?"

अनुपमाने मान डोलावली. ती चांगली मुलगी होती, हुशार होती. पण तिचा पगार द्यायचे डॉ. राजेश मुजुमदार, आणि सेंटरही त्यांचंच. पद्मजा बाहेरून यायची. मुलुंडला राहायची, गाडीत आपली पेटी टाकायची आणि ठाण्यापासून अंधेरीपर्यंत ज्याचा फोन येईल त्याच्याकडे भूल द्यायला जायची. राजेश तर तिच्या कॉलेजच्या बॅचचा. त्याने सेंटर काढलं तेव्हापासून त्याच्याकडची भूल तीच देत आली होती.

बाटलीचा राग निवतोय तोवर राजेश आत आला. नवीन निळा पोशाख, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखी लगबग.

"पद्मे, आजपासून दुसरी खोली सुरू! आपला नवा डॉक्टर, सर्वेश, तिकडे दुर्बीण घालेल, मी इकडे. एकाला झोपवलंस की पलीकडे ये, दुसऱ्याला झोपव. मधला दरवाजा उघडाच ठेवलाय."

"आणि पहिल्याकडे कोण बघणार?"

"सिस्टर आहे की. मॉनिटर आहे."

"नाही जमणार."

"अगं, पाच मिनिटांचं काम! पोट चिरतोय का आपण?"

"राजेश, तुझं काम पाच मिनिटांचं. माझं काम तो माणूस उठून स्वतःचं नाव सांगेपर्यंत. ह्या औषधाने झोप आणि श्वास बंद पडणं ह्यांच्यात केसाएवढं अंतर आहे, हे तुला मी शिकवायचं का? झोपेच्या गोळीवर उतारा मिळतो, अफूच्या इंजेक्शनवर मिळतो. ह्याच्यावर नाही. श्वास थांबला तर औषध उतरेपर्यंत कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा, एवढंच हातात असतं. ते कुणीतरी डोक्याशी असायला नको?"

"लेक्चर नको देऊस यार."

"मग दुसरा भूलतज्ज्ञ बोलाव."

राजेशने हात वर केले. "बरं बाई. एकेक करू. खूश?"

पद्मजाला त्याचं इतक्या लवकर ऐकणं खटकलं होतं. पण बाहेर बाकांवर माणसं उपाशीपोटी ताटकळत बसली होती, आणि बोरिवलीहून आलेल्या एक शिक्षिका टेबलावर येऊन पडल्याही होत्या. 

"दुखेल का हो?"

"काही कळणार नाही. हातात जरा झिणझिण्या येतील, आणि मग उठाल तेव्हा झालेलं असेल."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच पद्मजाचा ह्या औषधावर जीव होता. तिच्या शिकण्याच्या काळात लोक भुलीतून उठायचे ते ओकत, भेलकांडत. हे पांढरं औषध शिरेतून गेलं की माणूस बोलता बोलता झोपतो आणि थांबवलं की थोड्याच वेळात टक्क जागा होतो, घरी काय शिजवायचं ते विचारतो. तिने ते बाळंतिणींना दिलं होतं, नव्वदीच्या आजोबांना दिलं होतं, आयसीयूत नळी घातलेल्या माणसांना रात्र रात्र चालू ठेवलं होतं. पण प्रत्येक वेळी थेंबाथेंबाने, छातीच्या हालचालीवर डोळा ठेवून.

शिक्षिका झोपल्या. राजेशने दुर्बीण आत घातली. पद्मजा त्यांच्या डोक्याशी उभी होती, एक बोट हनुवटीखाली, दुसरा हात सिरिंजवर. मधला दरवाजा आता कुणीतरी लोटून घेतला होता.

त्या दरवाजातून अनुपमा आली ती जवळजवळ धावतच.

"मॅडम, जरा पलीकडे या ना."

"पलीकडे कोण आहे?"

अनुपमाने राजेशकडे पाहिलं. राजेश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "काही नाही गं, सर्वेशने एक साधी केस घेतलीय. फक्त तोंडातून बघायचंय. थोडंसंच दिलंय."

"काय थोडंसं दिलंय? कुणी दिलं?"

"मी," अनुपमा म्हणाली.  "सर सांगत होते, पेशंट हलतोय, अजून दे, अजून दे. आता ते हलत नाहीयेत. घोरत होते, ते पण थांबलं."

 पद्मजाच्या हाताखाली एक बाई झोपलेली, आणि भिंतीपलीकडे एक माणूस श्वासाविना पडलेला. एकाला सोडून दुसऱ्याकडे जाणार नाही असं ती सकाळीच बजावून बसली होती, आणि राजेशने तिला बरोबर त्याच जागी आणून उभं केलं होतं.

"स्कोप बाहेर काढ," ती म्हणाली.

"अगं अर्धी तपासणी—"

"काढ बाहेर, राजेश!"

त्याने काढली. पद्मजाने औषध बंद केलं, बाईंना कुशीवर वळवलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. श्वास नीट चालला होता, पापण्या हलू लागल्या होत्या. तिने राजेशचा हात मनगटाला धरून ओढला आणि बाईंच्या हनुवटीखाली ठेवला.

"हा जबडा असा वर धरायचा. छातीकडे बघायचं. त्या पूर्ण जाग्या होईपर्यंत हा हात हलला ना, तर बघ."

राजेश मुजुमदार, ज्याच्या सेंटरच्या पाट्या एलबीएस रोडवर लागल्या होत्या, तो दोन हातांनी एका बाईची हनुवटी धरून उभा राहिला.

पलीकडच्या खोलीत सर्वेश होता. तिशीतला, नुकताच शिकून आलेला. दुर्बीण अजून त्या माणसाच्या घशात होती आणि तो मॉनिटरच्या वायरशी झटत होता.

"मॅडम, बोटावरचा प्रोब निघालाय बहुतेक. ऑक्सिजनचा आकडा चुकीचा येतोय."

"आकडा बरोबर आहे! त्याचे ओठ बघ!"

टेबलावरच्या माणसाचा चेहरा शिशाच्या रंगाचा झाला होता. साठीचा, जाड मानेचा, पोट सुटलेला, भरघोस दाढी. अशा मानेच्या माणसाला झोपवताना पद्मजासुद्धा दहादा विचार करायची. मॉनिटरवर लाल आकडे लुकलुकत होते आणि आवाज मात्र नव्हता. अलार्म बंद करून ठेवला होता. श्वासातली हवा मोजणारं यंत्र भिंतीशी झाकून उभं होतं, त्याची नळी जोडलेलीच नव्हती.

दुर्बीण निघाली. पद्मजाने जबडा पुढे ओढला, मास्क दाबला, पिशवी दाबली. हवा आत जाईना. दाढीतून फुसफुसून बाहेर येत होती, जीभ मागे पडून घसा बुजला होता. तिने तोंडात वाकडी नळी सरकवली, दोन्ही हातांनी मास्क आवळला.

"अनुपमा, पिशवी तू दाब. जोरात नको. मी सांगते तेव्हा. सर्वेश, अॅट्रोपिन भर. नाडी उतरतेय."

"किती मॅडम?"

"पूर्ण अँप्युल! हात चालव!"

पिशवी दाबली. काही नाही. पद्मजाने डोकं आणखी मागे केलं, बोटं जबड्याच्या कोनात रुतवली, इतकी की नखं पांढरी पडली. पुन्हा दाबली. छाती जरा हलली. पुन्हा. ह्या वेळी नीट वर आली. ती मोठ्याने मोजत नव्हती, देवाचं नाव घेत नव्हती, दातओठ खात फक्त "दाब. सोड. दाब. सोड," म्हणत होती. शिशाचा रंग आधी कानांवरून उतरला. मग ओठांवरून. मग त्या माणसाने एकदम आचका दिला, खोकला, आणि घशातून हिरवट पाणी आलं. तिने त्याला कुशीवर लोटलं, सक्शनची नळी घातली. थोडं पाणी आत गेलं असणार, हे तिला आवाजावरूनच कळलं.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. आजूबाजूला तीन माणसं घामाने निथळत उभी.

"झाला?" तो म्हणाला. "माका कायच आठवणा नाय. झोप मातर झकास लागली."

पद्मजाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला खोलीतली सगळी काच फोडावीशी वाटली.

त्याचं नाव सीताराम परब. भांडुपला त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. वडील कणकवलीकडून गिरणीत कामाला आलेले. जळजळ थांबत नव्हती म्हणून बायको आणि मुलगी प्रांजल त्याला घेऊन आल्या होत्या. प्रांजल अंधेरीच्या एका कंपनीत कामाला होती, रजा टाकून आली होती. बोरिवलीच्या शिक्षिका एव्हाना पूर्ण जाग्या झाल्या होत्या. बाहेर मायलेकी उभ्या होत्या आणि राजेश त्यांच्याशी बोलत होता. पद्मजा दारात आली तेव्हा तिच्या कानावर पडलं ते हे:

"घोरतात ना ते? वजनही आहे. मग श्वास जरा उथळ होतो. आम्ही लगेच सांभाळलं. काळजीचं काही नाही."

"उथळ नाही," पद्मजा म्हणाली. "थांबला होता."

राजेशने मागे न बघता म्हटलं, "डॉक्टर कर्णिक, आपण आत बोलू."

"इथेच बोलते. प्रांजल ना तू? तुझ्या बाबांचा श्वास थांबला होता. आता ते शुद्धीवर आहेत, बोलतायत. पण पोटातलं थोडं पाणी फुप्फुसात गेलं असण्याची शक्यता आहे, म्हणून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात हलवायचंय. मी ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याबरोबर येते."

सीतारामची बायको खाली बसली. प्रांजल मात्र उभीच राहिली. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"ते झोपलेले असताना त्यांच्या डोक्याशी तुम्ही होतात?"

"मी पलीकडच्या खोलीत दुसऱ्या पेशंटजवळ होते."

"मग बाबांजवळ भूल देणारं कोण होतं?"

पद्मजाने राजेशकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच विनवलं. कॉलेजात परीक्षेच्या हॉलमध्ये तो असाच बघायचा.

"कुणीच नव्हतं," ती म्हणाली.

सीतारामला फुप्फुसाचा जंतुसंसर्ग झाला. ताप चढला, काही दिवस ऑक्सिजनवर काढले. पद्मजा रोज जाऊन बघून यायची. तो वाचला, घरी गेला, पण जिना चढताना धाप लागू लागली आणि दुकानात बसणं पुतण्यावर आलं.

इकडे पद्मजाचा फोन मुका झाला. आधी घाटकोपरचा एक सर्जन म्हणाला, ह्या आठवड्यात केसेस नाहीत. मग विक्रोळीचा. मुलुंडमधल्या ज्या नर्सिंग होममध्ये ती वर्षानुवर्षं जात होती, तिथल्या डॉक्टरांनी निदान स्पष्ट सांगितलं: "पद्मजाताई, पेशंट वाचवलात, ग्रेट. पण नातेवाइकांपुढे बोलायची काय गरज होती? उद्या आमच्याकडे काही झालं तर?"

"उद्या तुमच्याकडे काही झालं तरी हेच बोलेन."

"तेच तर म्हणतोय ना."

तिने फोन सोफ्यावर फेकला. तिचा नवरा नंदकुमार पेपर वाचत होता. त्याने तो उचलून टेबलावर ठेवला.

"लोक म्हणतायत, मी भांडकुदळ आहे," ती म्हणाली.

"ते तर मला लग्नाआधीपासून माहीत आहे," तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून पेपर बाजूला ठेवला.

राजेश एका रविवारी घरी आला. सोबत आंब्याच्या बर्फीचा बॉक्स. पद्मजाने त्याला बसायला सांगितलं नाही, तो आपणच बसला.

"मी परबांकडे जाऊन आलो. त्यांचं पुढचं सगळं मी बघणार आहे. तपासण्या, औषधं, सगळं. ते खूश आहेत. विषय संपला."

"आणि दुसरी खोली?"

"ती चालू आहे."

"भूलतज्ज्ञ?"

"एक मुलगा येतो. जमेल तसा."

"म्हणजे नसतो तेव्हा अनुपमा देते."

"पद्मे, अर्ध्या मुंबईत असंच चालतं! तुला माहीत आहे. किती जणांना काही होतं? हजारात एखादा."

"तो एखादा टेबलावर पडला होता तेव्हा तू कुठे होतास रे? हनुवटी धरून उभा होतास. ती पण मी धरायला लावली म्हणून!" तिने बर्फीचा बॉक्स त्याच्या मांडीवर ठेवला. "हे घेऊन जा. आणि ऐक. हे औषध वाईट नाही, तू वाईट वापरतोस. उद्या कुणी मेलं की पेपरात औषधाचं नाव येईल, लोक भुलीला घाबरतील, आणि तू म्हणशील पेशंट घोरायचा."

राजेश गेला. जिन्यात त्याने काहीतरी पुटपुटलं ते तिला ऐकू आलं नाही, तेच बरं.

दुसऱ्या दिवशी ती भांडुपला परबांकडे गेली. सीताराम खाटेवर बसला होता. बायकोने पोहे पुढे केले.

"तुमची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे जायला हवी," पद्मजा म्हणाली.

सीताराम हसला. "जावंदे ओ डॉक्टरांनू. माणूस चुकता. मी जिवंत आसय ना? मुजुमदार डॉक्टर सोताहून घराक इलो, पायऱ्ये चढान. आमच्याकडे कोण डॉक्टर येता?"

"बाबा, तुम्हाला आठवत नाही म्हणून तुम्ही असं बोलताय!" प्रांजल स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. "आम्ही बाहेर बसलेलो. आम्हाला आठवतंय."

"तू गप ऱ्हव गो."

तो सही करणार नाही हे पद्मजाला दिसलं. ह्या माणसावर चिडता येत नव्हतं, म्हणून ती आणखी चिडली. ज्याचा श्वास थांबला, त्याच्या आठवणीतून औषधाने ती वेळच पुसून टाकली होती. त्याला आठवत होती ती छान झोप, आणि नंतर घरी आलेला मोठा डॉक्टर.

"मग तक्रार मी करते," ती म्हणाली. "तुम्ही सही नका करू. मी तिथे होते."

"माझी पण घाला," प्रांजल म्हणाली. बापाने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही.

सुनावणी व्हायला बरेच महिने गेले. तोवर पद्मजाला बोरिवलीच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात काम मिळालं होतं. पगार बेताचा, मुलुंडहून जायचं म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा, पण प्रत्येक टेबलाला एक भूलतज्ज्ञ होता. सुनावणीच्या दिवशी राजेशच्या वकिलाने विचारलं, आपल्यात आणि डॉ. मुजुमदारांत कामाच्या वाटणीवरून वाद होता ना? आपण चिडखोर स्वभावाच्या आहात ना?

"आहे," पद्मजा म्हणाली. "माणूस निळा पडलेला बघितल्यावर शांत राहणारा भूलतज्ज्ञ तुम्हाला हवा असेल, तर तो तुम्हीच शोधा."

समितीतले एक वयस्कर डॉक्टर खोकल्यासारखं करून हसले. बाकीच्यांनी खाली पाहिलं.

मग सर्वेशला बोलावलं. तो राजेशचा माणूस, तो काय सांगणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वेश उभा राहिला, घसा साफ केला, आणि सगळं सांगितलं. भूलतज्ज्ञ मोकळी नाही हे माहीत असून सुरुवात केली. पेशंट हलला की आणखी द्यायला सांगितलं, आधी दिलेलं चढायची वाटसुद्धा पाहिली नाही. अलार्मचा आवाज त्रास देतो म्हणून त्यानेच बंद केला होता. राजेश त्याच्याकडे बघत राहिला, जसं कुणी आपल्याच गाडीकडे बघावं, चोरीला जाताना.

निकाल आला तो असा: राजेशला ताकीद, दुसरी खोली पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नेमेपर्यंत बंद, सर्वेशला ताकीद. ताकीद! शाळेत वेणी ओढली तर देतात ती. पद्मजाने ती बातमी ऐकली तेव्हा ती गाडीत होती, आणि पवईच्या चढावर तिने इतका जोरात हॉर्न वाजवला की पुढच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून तिला शिव्या घातल्या. तिनेही परत घातल्या.

सर्वेशची नोकरी गेली होती. तो तिला बोरिवलीच्या हॉस्पिटलबाहेर भेटायला आला. दाढी वाढलेली.

"मॅडम, सॉरी म्हणायचं होतं."

"मला कशाला सांगतोस? माझा श्वास थांबला होता का? भांडुपला जा."

"जाऊ?"

"विचारतोस काय?"

तो गेला, हे तिला प्रांजलच्या फोनवरून कळलं. सीतारामने त्याला आत बोलावलं, खाटेवर शेजारी बसवलं, चहा करायला सांगितला. आईने चहासोबत चकलीही दिली. सर्वेशला नीट बोलताच येईना, तर बाबाच त्याची समजूत घालत बसले होते.

"आणि तू?" पद्मजाने विचारलं.

"मी आतल्या खोलीतून बाहेरच आले नाही, डॉक्टर. तो जाईपर्यंत. आई म्हणते, असं वागू नये."

"बरं केलंस," पद्मजा म्हणाली.